‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे : तुटलेली कडी शोधण्याचा इतिहास

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

रेशन दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा हेच वाक्य, जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेलो की हेच वाक्य, बँकेच्या खिडकीवर हेच आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी तर हमखास हेच. पूर्वी कचेरीत गेले की ‘साहेब जेवायला गेलेत’ असे ऐकू यायचे. साहेब निदान जेवून परत तरी यायचे. किती वाजता येतील हे शिपायाला विचारता यायचे. सर्व्हर कुठे आहे, त्याला काय झाले, केव्हा झाले, हे विचारायला समोर कुणी नाही. विचारलेच तर ‘तुम्हाला त्यातले काय कळते?’ हा प्रतिप्रश्न ठरलेला.

मित्रांनो, माझा मुद्दा असा की ‘सर्व्हर डाऊन’ हे बहुतेक वेळा उत्तर नसते, तपासणी न करताच दिलेला तो निकाल असतो. आपल्या संगणकापासून एखाद्या संकेतस्थळापर्यंत जाताना वाटेत अनेक कड्या लागतात : वायर किंवा वायफाय, राऊटर, नेट पुरवणारी कंपनी, नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, देशाबाहेर जाणारी केबल. सर्व्हर ही त्यातली अगदी शेवटची कडी. कोणती कडी तुटली हे शोधता येते आणि ते शोधण्याची साधने आपल्या प्रत्येक संगणकात फुकट पडलेली आहेत. ती कुणी, कधी, कोणत्या अडचणीत सापडून केली, याचा इतिहास मला इथे मांडायचा आहे. मी अभियंता नाही, समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे. त्यामुळे या इतिहासात मला यंत्रांइतकाच एक प्रश्न दिसत राहतो : बिघाड कुणाचा, हे ठरवण्याची ताकद कुणाच्या हाती असते?

या जाळ्याची सुरुवातच मुळी बिघाडाने झाली. २९ ऑक्टोबर १९६९, रात्रीचे साडेदहा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत चार्ली क्लाईन हा विद्यार्थी यंत्रासमोर बसला होता. साडेपाचशे किलोमीटरवर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिल ड्युव्हॉल हा प्रोग्रॅमर दुसऱ्या यंत्राशी होता. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. क्लाईनने ‘एल’ दाबले आणि टेलिफोनवर विचारले, आला का? आला. ‘ओ’ दाबले. तोही आला. ‘जी’ दाबले आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. दुरुस्ती करून तासाभराने जोडणी पूर्ण झाली. जगाच्या जाळ्यावरचा पहिला संदेश असा दोनच अक्षरांचा, ‘लो’.

हा किस्सा सगळीकडे गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यातला टेलिफोन महत्त्वाचा वाटतो. जे जाळे तपासायचे आहे त्याच्यावरच विसंबून ते तपासता येत नाही. त्यासाठी दुसरी वाट लागते. शिवाय दोन्ही टोकांना माणूस होता आणि ‘माझ्यापर्यंत काय पोहोचले’ हे दोघेही एकमेकांना सांगत होते. आज आपण एका टोकाला असतो आणि दुसरे टोक मुके असते. तिथल्या हेल्पलाइनला फोन लावला की संगीत ऐकू येते.

हे जाळे म्हणजे आर्पानेट. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा. ठिकठिकाणचे संगणक जोडणारी ‘आयएमपी’ नावाची कपाटाएवढी यंत्रे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या बीबीएन या कंपनीने बनवली होती. प्रत्येक यंत्राने आपली खबर ठरावीक वेळाने केंब्रिजच्या नियंत्रण कक्षाला कळवायची अशी व्यवस्था त्यांनी केली. दूरच्या यंत्राला ‘ही तार उलटी फिरवून दाखव’ असे सांगून तारेची चाचणीही इथूनच घेता येत असे. परिणाम मजेशीर झाला. तारा टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या. आता केंब्रिजमधला माणूस फोन करून सांगू लागला की देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या अमुक दोन ठिकाणांमधली तुमची तार खराब आहे. टेलिफोन कंपनीच्या लोकांना हे सुरुवातीला खरेच वाटेना. तार त्यांची, दुरुस्तीवाले त्यांचे, आणि बिघाड सांगतो कोण, तर हजारो मैलांवर बसलेला गिऱ्हाईक! पण गिऱ्हाइकाकडे मोजमाप होते. ‘तुमच्याच बाजूला काहीतरी असेल’ असे म्हणून त्याला वाटेला लावता येत नव्हते.

ग्राहक आणि मालक यांच्या नात्यात मोजमापाने काय फरक पडतो, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २७ ऑक्टोबर १९८० रोजी, अख्खे आर्पानेट काही तास निकामी झाले. कारण वाचून थक्क व्हायला होते. प्रत्येक यंत्र आपल्या तारांची स्थिती इतरांना कळवत असे आणि प्रत्येक खबरीला क्रमांक असे. नवा क्रमांक आला की जुनी खबर टाकून द्यायची. क्रमांक ६३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यापासून सुरू होत, त्यामुळे नवे-जुने ठरवण्याचा नियम घड्याळासारखा गोल होता. एका यंत्रातून निघालेल्या खबरीच्या क्रमांकातले बिट बिघाडामुळे गळाले आणि एकाच वेळी ४४, ४० आणि ८ अशा तीन क्रमांकांच्या खबरी फिरू लागल्या. गोल नियमाने ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा! तिघेही एकमेकांना जुने ठरवत जाळ्यात फिरत राहिले आणि सगळी यंत्रे त्यांनाच पुढे ढकलण्यात गुंतून पडली. एखादे यंत्र बंद करून चालू केले तरी उपयोग नव्हता, कारण शेजारी लगेच तीच खबर त्याच्या हाती परत देई. शेवटी सगळ्या यंत्रांना त्या एका यंत्राच्या खबरी दुर्लक्षित करायला सांगावे लागले.

‘बंद करून चालू करा’ या सल्ल्याचा फोलपणा इतका जुना आहे.

यातली खरी महत्त्वाची गोष्ट नंतरची. बीबीएनच्या एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये या पडझडीची सगळी हकिगत, वरच्या तीन आकड्यांसकट, लिहून काढली आणि ‘आरएफसी ७८९’ म्हणून ती सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. आरएफसी म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, तुमचे मत कळवा अशी विनंती. ही दस्तऐवजांची मालिका एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने सुरू केली होती आणि नाव मुद्दाम असे नम्र ठेवले होते. लष्करी पैशावर चालणारे जाळे पडले, ते का पडले, आपल्या आखणीत काय चुकले होते, हे कुणाही वाचकाच्या हाती देण्यात आले. आपल्याकडे एखादे सरकारी संकेतस्थळ अर्जाच्या शेवटच्या तीन दिवसांत कोसळते. ते का कोसळले याचा असा अहवाल वाचल्याचे तुमच्यापैकी कुणाला आठवते का?

आता ‘पिंग’कडे येऊ. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी-आयपी ही आजही चालणारी पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेरीलँडमधल्या लष्करी प्रयोगशाळेत काम करणारे माइक म्यूस यांना आपले जाळे विचित्र वागताना दिसले. आयपी पद्धतीत ‘इको’ नावाची सोय होती : एका यंत्राने हाक द्यायची, दुसऱ्याने तीच हाक जशीच्या तशी परत पाठवायची. म्यूस यांनी तिच्यावर एका रात्रीत छोटा प्रोग्रॅम लिहिला. हाक गेली, प्रतिसाद आला, किती मिलिसेकंद लागले, किती हाका हरवल्या, एवढेच तो सांगतो. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याचे नाव त्यांनी ‘पिंग’ ठेवले. गंमत म्हणजे ज्या बिघाडासाठी तो लिहिला, तो पहिली हाक जाण्याआधीच एका सहकाऱ्याने शोधून दुरुस्त केला होता! हा प्रोग्रॅम आपली सर्वांत प्रसिद्ध कामगिरी ठरेल हे माहीत असते तर त्यावर आणखी एखादा दिवस घालवला असता, असे म्यूस पुढे गमतीने म्हणत. २००० साली मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. पण पिंग विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, मॅकमध्ये आहे.

म्यूस यांनी एका वापरकर्त्याचा किस्सा नोंदवून ठेवला आहे. इमारतीतली नेटची वायर कुठेतरी मधूनच तुटत होती. या पठ्ठ्याने पिंगचा प्रत्येक प्रतिसाद संगणकाला मोठ्याने बोलायला लावला, आवाज वाढवला आणि खोल्याखोल्यांतून फिरत एकेक जोड हलवून पाहिला. ‘पिंग, पिंग, पिंग’ हा आवाज जिथे थांबला तो जोड नादुरुस्त! आपला वायरमनसुद्धा एकाने वर खांबावर चढायचे आणि दुसऱ्याने खालून ‘आली, आली, गेली’ ओरडायचे, अशीच वीज तपासतो. पद्धत तीच आहे.

इथे एक सावधगिरी. पिंगला उत्तर आले नाही म्हणजे सर्व्हर मेला, असे ठरवू नका. १९९६ नंतर पिंगचाच वापर करून यंत्रे पाडण्याचे प्रकार सुरू झाले. म्हणून अनेक संस्थांनी या हाकेला उत्तर देणेच बंद केले. उत्तर आले तर वाट शाबूत आहे हे नक्की; न आले तर पुढे तपासावे लागते.

पुढे कसे तपासायचे, याचे उत्तर एका मोठ्या कोंडीने दिले. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आला. दोन्ही ठिकाणांत अंतर होते ४०० यार्ड, म्हणजे हाक मारली तर ऐकू जाईल इतके. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरे. हाताने लिहून कागद नेऊन दिला असता तर लवकर पोहोचला असता. प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन याच्या मागे लागले. तार तुटलेली नव्हती आणि कुठले यंत्रही बंद नव्हते. कोंडी वागणुकीतून आली होती. पोच मिळाली नाही की प्रत्येक संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवे. त्यामुळे गर्दी वाढे, गर्दीमुळे आणखी पोचा हरवत, म्हणून आणखी पॅकेट निघत. जत्रेच्या दिवशी एसटीच्या दारात सगळे एकदम घुसले की कुणीच आत जात नाही, तसे. जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी १९८८ च्या निबंधात उपाय मांडला : सुरुवात हळू करायची, पोच येईल तसा वेग वाढवायचा आणि पॅकेट हरवले की लगेच हात आखडता घ्यायचा. आजचे इंटरनेट कोसळत नाही याचे मोठे श्रेय या शिस्तीला आहे.

शिष्यवृत्तीच्या शेवटच्या रात्री हजारो मुले ‘रिफ्रेश’ दाबत असतात तेव्हा नेमकी हीच कोंडी पुन्हा उभी राहते. त्यावर ‘मुलांनी शेवटच्या दिवसाची वाट का पाहिली?’ असे उपदेश ऐकू येतात. जेकबसन यांनी एकाही संगणकाला दोष दिला नाही; सगळ्यांनी पाळायचा नियम बदलला. उत्पन्नाचा दाखलाच जिथे मुदतीच्या दोन दिवस आधी हाती पडतो, तिथे मुलांना शिस्त शिकवण्याऐवजी मुदत आणि यंत्रणेची आखणी बदलायला हवी.

याच काळात, १९८७-८८ च्या सुमारास, जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून ‘ट्रेसरूट’ लिहिले. विंडोजमध्ये या कमांडचे नाव ‘ट्रेसर्ट’. यातली युक्ती मला फार आवडते. जाळ्यावर निघणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राऊटर त्यातून एक वजा करतो आणि आकडा शून्य झाला की पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला तसे कळवतो. वाट चुकलेली पॅकेट कायमची भटकत राहू नयेत म्हणून हा नियम. डीअरिंग-जेकबसन यांनी तो उलटा वापरला. मुद्दाम आयुष्य १ देऊन पॅकेट सोडायचे : ते पहिल्याच राऊटरवर मरते आणि त्या राऊटरचा पत्ता कळतो. मग २ देऊन, मग ३ देऊन. मरणाऱ्या प्रत्येक पॅकेटच्या निरोपातून वाटेतला एकेक टप्पा समोर येतो. जी वाट कंपन्यांनी आखली आणि फक्त त्यांनाच ठाऊक होती, ती कुणाही सामान्य माणसाच्या पडद्यावर उमटू लागली. मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या दिसल्या तर घाबरू नये, तो राऊटर उत्तर देत नसतो इतकेच. त्यापुढच्या सगळ्याच ओळी चांदण्यांच्या असतील तर मात्र शेवटचे उत्तर कुणाकडून आले ते पाहावे. कडी त्याच्या आसपास अडली असण्याची शक्यता मोठी.

मुंबईचा संबंध असलेले एक उदाहरण देतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या, ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग’. दोन्ही मुंबईला युरोपशी जोडणाऱ्या. भारतातले नेट काही दिवस रखडले आणि पश्चिमेकडची वाहतूक पूर्वेच्या वाटेने वळवावी लागली. त्या आठवड्यात घराघरांत, सायबर कॅफेत मोडेम बंद-चालू झाले असतील. तुटलेली कडी मात्र हजारो किलोमीटरवर, समुद्राच्या तळाशी होती.

नावांची कडी वेगळी. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. सुरुवातीला सगळ्या नावांची एकच यादी होती, एक साधी फाईल. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग सांभाळत असे. नवा संगणक आला की त्यांना कळवायचे, त्या यादीत घालणार, मग सगळ्यांनी यादी उतरवून घ्यायची. (या क्षेत्राच्या इतिहासात पुरुषांचीच नावे घोकली जातात. सबंध जाळ्याचा पत्ता ज्या बाईंच्या हाताखाली होता त्यांचे नाव किती जणांना माहीत असते?) जाळे वाढले, यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची आखणी मांडली : एकच यादी ठेवण्याऐवजी आपापल्या नावांची जबाबदारी वाटून द्यायची. सोय झाली, पण तुटू शकणारी एक कडीही वाढली. वाट शाबूत, सर्व्हर शाबूत, पण नावावरून पत्ता सांगणारा गप्प, अशी अवस्था आता होऊ शकते. ओळखायचे कसे? ८.८.८.८ यासारख्या उघड आकड्याला पिंग करून पाहा. उत्तर येते आणि नावाने मात्र एकही संकेतस्थळ उघडत नाही, तर बिघाड नावांच्या कडीत आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र बहुतेकांना आठवत असेल. भारतीय वेळेनुसार नऊच्या पुढे फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम तिन्ही बंद पडले ते सुमारे सहा तास. किती जणांनी फोन बंद-चालू केला, किती जणांनी नेटपॅक संपला समजून रिचार्ज मारला! दुसरे कुठलेही संकेतस्थळ उघडून पाहिले असते तर आपला फोन आणि आपली कंपनी दोन्ही ठीक आहेत हे दहा सेकंदांत कळले असते. कारण कंपनीनेच नंतर सांगितले. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका कमांडने त्यांच्या सगळ्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. केंद्रांशी संपर्क तुटताच त्यांच्या नावे सांगणाऱ्या सर्व्हरनी ‘आमच्याकडे येऊ नका’ म्हणत आपली वाटच जगाच्या नकाशावरून काढून घेतली. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे माणसांना प्रत्यक्ष केंद्रात पाठवावे लागले. १९६९ मध्ये क्लाईनच्या हातात वेगळा टेलिफोन होता, हे इथे आठवावे.

राहिली शेवटची कडी, खुद्द सर्व्हर. तो जिवंत असेल तर बोलतो आणि आकड्यात बोलतो. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची भाषा ठरवली तेव्हाच्या सुरुवातीच्या वर्षांत हे आकडे आले. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे मागणाऱ्याच्या बाजूने काहीतरी चुकले : ४०४, असे पान नाही. ५ ने सुरू होणारा म्हणजे देणाऱ्याची चूक : ५०० आतला बिघाड, ५०३ सध्या सेवा देता येत नाही, ५०४ मागच्या यंत्राने वेळेत उत्तर दिले नाही. सर्न या संस्थेत ४०४ क्रमांकाची खोली होती वगैरे कथा फिरतात. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी त्या साफ फेटाळल्या आहेत. यात २०१६ साली आणखी एक आकडा अधिकृतपणे जोडला गेला, ४५१. रे ब्रॅडबरी यांच्या पुस्तके जाळणाऱ्या राजवटीवरच्या कादंबरीच्या नावातून तो घेतला. अर्थ असा : हे पान आहे, पण कायद्याचे कारण देऊन दाखवू दिले जात नाही.

म्हणजेच दोष कुणाचा हे यंत्र स्वतः सांगते, आपण तो आकडा वाचत नाही. पान उघडले नाही की आपण चिडून खिडकी बंद करतो आणि पुरावा तिथेच संपतो.

आमच्या भागातल्या विहाराच्या अभ्यासिकेत चार जुने संगणक आहेत, कुणीकुणी दिलेले. तिथे आम्ही मुलांना एक क्रम लावून दिला आहे. बाकीच्या तीन संगणकांवर नेट चालते का? एकाच संगणकावर अडले असेल तर आधी त्याची वायर आणि त्याला मिळालेला पत्ता बघायचा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, त्याने तो स्वतःच घेतला आहे. दोष संगणक आणि राऊटर यांच्यामध्ये. मग राऊटरला पिंग, मग बाहेरच्या आकड्याला, मग नावाला. एका संगणकावर कुलपाचे चिन्ह असलेली सगळीच संकेतस्थळे ‘असुरक्षित’ दिसत होती. मुले व्हायरस समजून बसली होती. पाहिले तर तारीख कित्येक वर्षे मागची. आतला बटनसेल संपल्याने वीज गेली की घड्याळ मागे जाई. संकेतस्थळाची ओळखपत्रे तारखेवर तपासली जातात, म्हणून सगळीच खोटी ठरत होती. नवा सेल टाकला, काम झाले.

मागच्या एका हंगामात मात्र चारही संगणकांवर सगळे उघडत होते, अडत होते ते फक्त एक अर्जाचे संकेतस्थळ. तिथल्या कार्यालयाने फोनवर सांगितले, ‘तुमच्या नेटचा प्रॉब्लेम आहे.’ बारावी झालेल्या एका मुलीने वहीत तारीख, वेळ आणि ५०३ हा आकडा तीन दिवस दर तासाला लिहून ठेवला होता, पडद्याचे फोटोही काढले होते. तिने ते अर्जाला जोडून पाठवले. त्यानंतर ‘तुमच्या नेटचा’ हा शब्दप्रयोग आम्हाला पुन्हा ऐकू आला नाही. मुदत वाढली. ती आमच्या अर्जामुळेच वाढली असा दावा मी करणार नाही, तक्रारी बऱ्याच ठिकाणाहून गेल्या असणार. पण ज्या अर्जात वेळ आणि आकडा असतो तो बाजूला सारणे अवघड जाते, हे आम्ही पाहिले.

एक कडी अशी आहे जी तुटत नाही, तोडली जाते. मोर्चा, तणाव, कधी नुसती परीक्षा, आणि एका जिल्ह्यातले मोबाईल नेट बंद. पिंग आणि ट्रेसरूट यांना बिघडलेले आणि बंद केलेले यांतला फरक सांगता येत नाही. दोन्हीत उत्तर येत नाही एवढेच दिसते. फरक आपल्याला तुलनेने काढावा लागतो. एकाच वेळी सगळ्या कंपन्यांचा मोबाईल डेटा गेला, बोलण्याचे फोन लागतात, वायरचे ब्रॉडबँड चालते, आणि तालुक्याची हद्द ओलांडली की सगळे पूर्ववत, तर हा टॉवरचा बिघाड नव्हे, आदेश आहे. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासूनच्या बंदीवर अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे ज्यांना झळ बसली त्यांना ते न्यायालयात आव्हान देता येतील, आणि अनिश्चित काळासाठी नेट बंद ठेवता येणार नाही. २०१७ च्या नियमांनी हा अधिकार राज्यात गृह विभागाच्या सचिवाला दिला होता आणि आदेश पुनर्विलोकन समितीपुढे ठेवणे बंधनकारक केले होते. २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, तेही आदेश प्रसिद्ध करायला सांगतात. तेव्हा नेट गेल्यावर आपल्या कार्यकर्त्यांनी वहीत तीन गोष्टी उतरवाव्यात : कोणत्या मिनिटाला गेले, कोणकोणत्या कंपन्यांचे गेले, कोणत्या गावापासून पुढे चालू आहे. आणि या नोंदी जोडून गृह विभागाकडे आदेशाची प्रत लेखी मागावी.